शेजारच्या प्लॉटचे तुकडे पडले तर हरकत घेता येते का?

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री लागतं. काही जण त्याला उदयनगर म्हणून ओळखतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा बाजारपेठेच्या गावांमध्ये गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. गावठाणात जागा उरलेली नाही, म्हणून रस्त्यालगतच्या शेतांमध्ये प्लॉट पडतात. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मुलांच्या शाळेसाठी किंवा दुकान टाकण्यासाठी तिथे प्लॉट घेतात, घर बांधतात. वस्ती तयार होते.

समजा, अशाच एका ले-आऊटमध्ये तुमचं घर आहे. शेजारी ३,००० चौरस फुटांचा एक रिकामा प्लॉट आहे. त्याच्या मालकाने अचानक मधोमध दोन ठिकाणी चुन्याच्या रेघा मारल्या आणि तीन जणांना तीन तुकडे विकायला काढले. गल्लीतली चार माणसं जमतात आणि म्हणतात, बोअरला आताच पाणी पुरत नाही, सांडपाणी कुठे सोडणार, रस्ता तर एक ट्रॅक्टर गेला की भरतो. मालक म्हणतो, जागा माझी, खरेदीखत माझं, तुम्हाला काय करायचंय?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण कायदा कुणाचं ऐकतो?

थोडक्यात उत्तर असं, की कायदा शेजाऱ्याचं ऐकतो, पण नकाशापुरतं. मंजूर नकाशात जे दाखवलंय ते मोडलं जात असेल तर शेजाऱ्याला बोलायचा हक्क आहे. 'आमच्या कॉलनीत गर्दी नको' एवढंच म्हणणं असेल तर त्याला कायद्यात फारसा आधार नाही. आणि नकाशाच नसेल, तर हरकत घ्यायला हातात काही उरत नाही. राज्यातली बरीच भांडणं या तिसऱ्या प्रकारातली आहेत. ती तशी का झाली, हे आधी बघू.

तुकडा म्हणजे नेमका कुठला?

बोलताना आपण सगळ्यालाच 'तुकडे पाडले' म्हणतो. कागदावर मात्र हे तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला, शेतजमिनीचा तुकडा. इथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा लागू होतो. शेताचे इतके छोटे तुकडे होऊ नयेत की ते कसणं परवडणार नाही, हा त्याचा मूळ हेतू. त्यासाठी प्रत्येक भागात 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवलं जातं आणि त्याहून लहान तुकड्याची खरेदी-विक्री किंवा वाटणी करता येत नाही. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा खाली आणली. जिरायत जमिनीसाठी २० गुंठे, बागायतीसाठी १० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

दुसरा, मंजूर ले-आऊटमधल्या प्लॉटची पोटविभागणी. ही जमीन आधीच अकृषक, म्हणजे एनए, झालेली असते. नगररचना विभागाने नकाशा मंजूर केलेला असतो. त्यात प्लॉट किती, रस्ते किती रुंद, मोकळी जागा कुठे, हे सगळं आखलेलं असतं. अशा प्लॉटचे आणखी भाग करायचे तर सुधारित मंजुरी लागते आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र रस्ता मिळतो का, हे बघितलं जातं. आपल्या उदाहरणातल्या चुन्याच्या रेघा या प्रकारात मोडतात.

तिसरा, गावठाणातल्या घराच्या वाटण्या. वाड्याचे चार भाऊ चार हिस्से करतात, अंगणातून भिंत जाते, एका दाराची चार दारं होतात. याला सहसा कुणी हरकत घेत नाही. गंमत म्हणजे तेवढाच तुकडा बाहेरच्या माणसाने घेतला की त्याच गल्लीला सांडपाणी आणि पार्किंग आठवतं. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

बंदी होती, तरी तुकडे कसे पडले?

तुकडेबंदी कायदा शेतीसाठी होता. पण गावं वाढली, शहरांच्या कडा पसरल्या आणि एक-दोन गुंठ्यांवर घर बांधू इच्छिणारी माणसं वाढली. रीतसर ले-आऊट करायचा तर रस्ते आणि मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, नाल्या आणि विजेचा खर्च करावा लागतो, मंजुऱ्यांसाठी थांबावं लागतं. तो सगळा खर्च प्लॉटच्या भावात चढतो आणि मजुरी करणाऱ्या किंवा छोटी नोकरी असलेल्या माणसाला तो भाव झेपत नाही.

मग वाट निघाली ती अशी. दहा-वीस जणांनी मिळून एक शेत घ्यायचं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लावायची. कागदावर जमिनीचा तुकडा पडलेलाच नाही, प्रत्यक्षात मात्र प्रत्येकाचा गुंठा खुंट्या ठोकून वेगळा. नाहीतर खरेदीखत करायचंच नाही आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर व्यवहार उरकायचा. यालाच गुंठेवारी म्हणतात.

सरकारने हे व्यवहार नियमित करायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले. शहरी भागासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट त्यात धरले होते. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षी १२ जुलैला नोंदणी विभागाने परिपत्रक काढून प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी जमिनीची दस्तनोंदणी रोखली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तुकडेबंदी कायद्यातही असंच झालं. आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून जुना व्यवहार नियमित करायची सोय केली. लोकांना ती रक्कम जड गेली, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात याबाबत मोठी घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश आला. शहरांमध्ये आणि आराखड्यात रहिवासी किंवा इतर अकृषक वापरासाठी दाखवलेल्या भागांत १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार कुठलंही शुल्क न घेता नियमित करायचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

ज्यांनी पै-पै जमवून गुंठा घेतला आणि वर्षानुवर्षं ज्यांचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात अडकून पडलं, त्यांच्यासाठी हा खरोखर दिलासा आहे. नाव मालकाच्या रकान्यात आलं की बँक कर्ज देते, विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळतं.

पण इथे एक घोळ होतो. व्यवहार नियमित होणं वेगळं आणि वस्ती नियोजित होणं वेगळं. मालकाच्या रकान्यात नाव आलं म्हणून सहा फुटांचा बोळ तीस फुटांचा होत नाही, सोडलेलीच नव्हती ती मोकळी जागा तयार होत नाही आणि बांधकाम परवानगीही आपोआप मिळत नाही.

चंदीगडमध्ये काय झालं?

'तुकड्याला बंदी, पण हिस्सा विकायला मोकळीक' ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. देशातल्या सगळ्यात आखीव शहरातही नेमकं हेच झालं. शेजाऱ्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई लढली आणि ते जिंकलेही. आपल्या विषयावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा अलीकडचा निकाल आहे, म्हणून जरा सविस्तर बघू.

चंदीगडचा आराखडा ल कॉर्बुझिएने केला. सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा, तो दीड लाख लोकसंख्येसाठी आखलेला. दोन्ही टप्पे मिळून पाच लाख माणसं राहतील असा अंदाज होता. २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती.

तिथे १९५२ च्या कायद्याखाली केलेल्या १९६० च्या नियमांमध्ये प्लॉटचे तुकडे करायला मनाई होती. एक प्लॉट, एक घर. २००१ मध्ये प्रशासनाने अपार्टमेंट नियम आणले आणि एका प्लॉटवरच्या इमारतीतले मजले वेगवेगळ्या मालकांना घेता येतील अशी सोय केली. रहिवाशांनी जोरदार विरोध केला. पाणी, ड्रेनेज, गाड्या, शहराचं रूप, असे सगळे मुद्दे पुढे आले. अखेर २००७ मध्ये प्रशासनाने ते नियम मागे घेतले आणि नव्या नियमांत पुन्हा लिहिलं की जागेचे तुकडे करता येणार नाहीत.

लढाई संपली असं वाटलं, पण बिल्डरांनी दुसरं दार शोधलं. प्लॉटचा तुकडा विकता येत नाही ना? मग प्लॉटमधला ३३ टक्के हिस्सा विकायचा. तीन अनोळखी माणसं प्रत्येकी तिसरा हिस्सा घेणार. जुना बंगला पाडून तिथे तीन मजली इमारत उभी राहणार. आणि आपसात करार करणार की तळमजला याचा, पहिला मजला त्याचा, दुसरा तिसऱ्याचा. कागदावर प्लॉट अखंड, मालकी सामाईक. प्रत्यक्षात तीन फ्लॅट.

सामाईक सातबाऱ्याची आठवण झाली ना? उंद्रीतला गुंठा आणि चंदीगडचा कोट्यवधींचा प्लॉट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण युक्ती एकच आहे.

रहिवासी संघटना पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हिस्सा विकायला नियमांत मनाई नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जानेवारी २०२३ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. मूळचे अमरावतीचे असलेले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले गवई यांनीच हा निकाल लिहिला.

न्यायालयाचं म्हणणं होतं की जी गोष्ट सरळ करायला मनाई आहे, ती हिश्श्यांच्या आडून करता येणार नाही. पहिल्या टप्प्यात एका घराचे तीन फ्लॅट करायला चाप बसला. मजले वाटून घेणारे करार नोंदवू नयेत असे आदेश निघाले, मजल्यांची मर्यादा तीनवर ठेवली. आणखी दाट वस्ती करायची की नाही, हे आधी चंदीगडच्या वारसा जतन समितीने तपासावं असं सांगितलं. शहरं वाढवण्याची परवानगी देण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास व्हावा, असं आवाहनही न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना केलं.

रहिवासी जिंकले. पण निकालानंतर प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या माणसाला हिस्सा विकण्यावर निर्बंध आणले आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली. वडिलोपार्जित घरात ज्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा आलाय आणि ज्याला तो विकून दुसरीकडे जायचंय, त्याने काय करायचं? भाऊ विकत घेईना, बाहेरच्याला विकता येईना. शिवाय बंगला विकत घ्यायची ऐपत नाही, पण एक मजला परवडला असता, अशा कुटुंबांसाठी शहराच्या मधल्या भागात जागाच उरली नाही.

मला हा निकाल कायद्याच्या अंगाने पटतो. नियम स्पष्ट होते आणि ते बगल देऊन मोडले जात होते. पण एका खास वारसा असलेल्या शहराचा निकाल उचलून कुठल्याही कॉलनीने 'बघा, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय' म्हणत फिरावं, एवढा तो व्यापक नाही. चंदीगडचे नियम चंदीगडचे आहेत.

मोकळी जागा कुणाची?

महाराष्ट्रात शेजाऱ्यांचा विरोध सगळ्यात जास्त टिकतो तो मोकळ्या जागेच्या मुद्द्यावर.

आपल्या राज्यातल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार (ही डिसेंबर २०२० मध्ये आली) ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट करताना १० टक्के जागा खेळायला-बसायला मोकळी सोडावी लागते. बोलीत तिला 'ओपन स्पेस'च म्हणतात. सुरुवातीला तिथे गाजर गवत उगवतं. काही वर्षांनी तिचा भाव चढतो आणि मग कुणाला तरी तिथेही दोन प्लॉट बसतील असं वाटायला लागतं.

अशा वेळी रहिवाशांना न्यायालयात जायचा अधिकार आहे का? आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी स्पष्ट केलंय. १९७४ मध्ये उडुपीच्या एका प्रकरणात रहिवासी वस्तीत नियम डावलून सिनेमागृहाला परवानगी दिली होती. नगरपालिकेने नियम मोडून बांधकाम होऊ दिलं तर त्या भागातल्या रहिवाशाच्या हक्काला धक्का बसतो, असं न्यायालयाने तेव्हा मानलं. १९९१ मध्ये बंगळुरूच्या सदाशिवनगरमध्ये आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. आजूबाजूचे रहिवासी कोर्टात गेले. 'तुमची तर जागा नाही, तुमचा काय संबंध?' हा युक्तिवाद तिथेही झाला आणि तो टिकला नाही. बागेची जागा बागेसाठीच, असा निकाल लागला.

फ्लॅटच्या सोसायट्यांमध्ये हाच वाद वेगळ्या रूपात येतो. बिल्डर पाच इमारतींचं चित्र दाखवून फ्लॅट विकतो. नंतर चटई क्षेत्राचे नियम बदलतात, जास्तीचं बांधकाम शक्य होतं आणि मुलांच्या खेळायच्या जागेवर सहाव्या इमारतीचा पाया खणला जातो. मुंबईत कांदिवलीच्या मधुविहार सोसायटीचं प्रकरण याच प्रकारातलं. ते २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. संपूर्ण प्रकल्प सुरुवातीलाच खरा आणि पूर्ण उघड केला असेल तर प्रत्येक इमारतीसाठी नव्याने संमती लागत नाही, पण तो तसा उघड केला होता का हे तपासा, असं सांगून न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने कौल दिला. फ्लॅट घेताना 'बिल्डर पुढे जे काही बदल करेल ते मला मान्य' अशा मोघम कलमावर घेतलेली सही ही खरी संमती नव्हे, हे त्या निकालाचं सार.

आता रेरा कायद्यात याचं उत्तर आकड्यात दिलंय. मंजूर ले-आऊटमध्ये बदल करायचा तर बिल्डर सोडून उरलेल्या घर-प्लॉटधारकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी संमती लागते. २०१६ च्या या कायद्यातलं १४ वं कलम ते हेच. रेराखाली नोंद झालेल्या प्लॉटिंगच्या प्रकल्पांनाही ते लागू आहे, आणि हे बऱ्याच प्लॉटधारकांच्या गावीही नसतं.

दादरचे दोन शेजारी

मुंबईत प्लेगची साथ आली १८९६ मध्ये. दाट वस्त्यांमुळे रोग पसरला असं मानून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि या ट्रस्टने दादर-माटुंग्याचा भाग आखला. रुंद रस्ते, बागा, प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा. उजेड-वारा घरात पोहोचावा म्हणून ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा प्रसिद्ध नियम होता. त्याचा हिशेब असा, की इमारत जेवढी उंच, तिच्या साधारण निम्मी जागा समोर मोकळी हवी. तिथेच मंचेरजी जोशी या ट्रस्टमधल्या अभियंत्याच्या प्रयत्नांतून पारशी कुटुंबांसाठी शंभरच्या वर प्लॉट राखले गेले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. भाडेपट्ट्याच्या अटींमुळे तिथे इमारती बुटक्या राहिल्या. शेजाऱ्याला हरकत घ्यायला लिखित अट हाताशी होती, हे त्या कॉलनीच्या आजच्या रूपामागचं एक मोठं कारण.

तिथून थोड्याच अंतरावर शिवाजी पार्क. २०१२ मध्ये महापालिकेने वारसा स्थळांची नवी यादी जाहीर केली आणि तिच्यात शिवाजी पार्कचा परिसर आला. आता इथल्या रहिवाशांनी काय करावं? त्यांनी वारसा दर्जालाच कडाडून विरोध केला. इमारती जुन्या झाल्यात, लिफ्ट नाही, गळती आहे, पुनर्विकास अडकला तर आम्ही कुठे जायचं, हा त्यांचा सवाल होता. राजकीय पक्षही त्यांच्या बाजूने उतरले.

म्हणजे दादरमध्येच काहींना नियमांनी वस्ती जपावी असं वाटतं, तर काहींना तेच नियम गळ्यातला फास वाटतात. 'स्थानिकांचा विरोध' असं आपण एका दमात म्हणतो, तेव्हा कुठले स्थानिक आणि त्यांच्या घराचं छप्पर गळतंय का, हे विचारायला हवं.

पाण्याचा प्रश्न की माणसांचा?

अहमदाबादमध्ये १९२६ सालची एक पारशी गृहनिर्माण सोसायटी आहे. तिथल्या एका सभासदाला आपल्या बंगल्याची जागा विकसित करून ती सोसायटीबाहेरच्यांना, पारशी नसलेल्यांनाही, विकायची होती. सोसायटीने उपविधी पुढे केला की सभासद फक्त पारशीच होऊ शकतो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. एकत्र येऊन संस्था काढणाऱ्यांना सभासदत्व कुणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. या निकालावर आजही टीका होते. कारण या मार्गाने कुठलीही जात किंवा समाज आपल्या वस्तीचं दार लावून घेऊ शकतो.

हा निकाल सहकारी सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीबद्दल आहे, हे लक्षात ठेवा. खुल्या ले-आऊटमध्ये किंवा गावात शेजाऱ्यांनी बसून 'अमक्या समाजाला प्लॉट द्यायचा नाही' असं ठरवणं ही वेगळी आणि बेकायदा गोष्ट आहे. ग्रामसभेने ठराव केला तरीही.

तक्रार अर्जात सहसा असं कुणी लिहीत नाही. अर्जात पाणी, नाली आणि पार्किंगच असतं. पण भावाच्या वाटणीला हरकत नसते आणि परक्याच्या तेवढ्याच तुकड्याला असते, तेव्हा अडचण नक्की पाण्याचीच आहे का, हा प्रश्न पडतोच. चार माणसं वाढली तर भाऊही पाणी पितोच की.

हा संशय फक्त आपल्याकडे घेतला जातो असंही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरांच्या किमती इतक्या वाढल्या की २०२१ मध्ये तिथल्या सरकारने उलटा कायदा केला. एका बंगल्याच्या प्लॉटचे दोन भाग करायला आणि मिळून चार घरांपर्यंत बांधायला मुभा दिली. तिथल्या अनेक शहरांनी आणि रहिवाशांनी त्याला विरोध केला आणि काही शहरं कोर्टात गेली. 'वस्तीचं वळण बिघडेल' हाच त्यांचाही मुद्दा. आपण तुकडे अडवायला कायदा केला आणि ते पडत राहिले. त्यांनी तुकडे पडावेत म्हणून कायदा केला आणि शेजारी आडवे आले.

मग उंद्रीतल्या माणसाने काय करायचं?

सगळ्यात आधी नकाशा मिळवा. तोंडी कुणी काहीही सांगो, तुमच्या ले-आऊटचा मंजूर नकाशा आणि अकृषक आदेश हातात हवा. ग्रामपंचायत, तहसील किंवा नगररचना कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नकाशा आला की टेप घेऊन रस्ता मोजा. निम्मे वाद इथेच स्पष्ट होतात.

शेजारचा प्लॉट तोडला जातोय, पण सुधारित मंजुरी घेतलेली नाही, असं दिसलं तर लेखी हरकत ग्रामपंचायत आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. हरकतीत 'गर्दी होईल' असं लिहू नका. नकाशात हा प्लॉट एकच आहे, मागच्या तुकड्याला रस्ता नाही, सामासिक अंतर सुटत नाही, असं नेमकं लिहा. मोकळ्या जागेवर किंवा रस्त्यावर अतिक्रमण असेल तर ते काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने ग्रामपंचायतीला दिलाय.

उजेड-वाऱ्याबद्दल एक गैरसमज खूप आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार तुमच्या खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा उजेड येत असेल तर तो हक्क बनू शकतो. पण नव्या कॉलनीत पाच वर्षांपूर्वी घर बांधून शेजाऱ्याने त्याची जागा कायम रिकामी ठेवावी अशी अपेक्षा धरता येत नाही. तसंच, बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्याची ना-हरकत ही सर्वसाधारणपणे कायद्याची अट नाही. मालकाची कागदपत्रं आणि नकाशा नियमात असेल तर त्याला बांधू द्यावंच लागतं.

आणि तुम्ही तुकडा घेणाऱ्यांपैकी असाल तर? मग हेच सगळं उलट्या बाजूने तपासा. सामाईक खरेदीत तुमचा गुंठा नेमका कुठला, हे खरेदीखतात चतुःसीमेसह लिहिलंय का? तिथवर जायचा रस्ता कुणाच्या नावावर आहे? विकणाऱ्याच्याच नावावर असेल, तर उद्या तो तिथे फाटक लावू शकतो किंवा रस्त्याचाही प्लॉट करू शकतो. घरकुल मंजूर झालंय पण जागा नाही, अशांसाठी मार्च २०२४ पासून तुकडेबंदीच्या नियमांत सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने प्रत्येक लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंतची जागा प्रमाणभूत क्षेत्राची अट आड न येता घेता येते. त्यासाठी सामाईक सातबाऱ्याच्या भानगडीत पडायची गरज नाही.

नवीन अध्यादेशाच्या भरवशावर आज कुणी गुंठा विकत असेल, तर तारीख बघा. १५ ऑक्टोबर २०२४ नंतरचा व्यवहार त्यात बसत नाही. 'पुढे नियमित होईलच' असं विकणारा म्हणेल. आजवर मुदती वाढत आल्यात, त्यामुळे त्याचं म्हणणं कदाचित खरंही ठरेल. पण तोवर कर्ज, वीज जोडणी आणि पाच-सहा फुटांच्या बोळातून निघायची अंत्ययात्रा, हे सगळं घेणाऱ्यालाच निभावायचं असतं.